कॅम्पसवर नवीन आहात? घोळक्यांचा नकाशा कसा वाचायचा आणि एकाच टेबलावर अडकायचं कसं नाही

ॲडमिशनच्या कागदपत्रांच्या रांगेत माझ्या मागे जी मुलगी उभी होती तिच्याबरोबर मी पुढची दीड वर्षं जेवले. तिलाही माझ्यासारखंच तिथे कोणी ओळखीचं नव्हतं, तिने पेन मागितला, दोघींची भाषा एक निघाली, झालं. तिच्याबद्दल तक्रार काहीच नाही हां, चांगली मुलगी आहे, अजून फोन होतात आमचे. पण दीड वर्षांनी एका लेक्चरला हजेरी चालू असताना लक्षात आलं की वर्गात शंभरच्या वर माणसं आहेत आणि त्यातल्या अकरा जणांशिवाय मला कोणाचं धड नाव माहीत नाही, आणि ते अकरा जण म्हणजे कोण, तर त्या रांगेतले पुढचे-मागचे आणि त्यांचे रूममेट. मला वाटत होतं मैत्रिणी मी निवडल्या. निवडल्या त्या रांगेने.

नंतर दोन वर्षं मी नवीन मुलांची मेंटर होते, तेव्हा दर वर्षी दुसऱ्याच आठवड्यात कोणी ना कोणी रडकुंडीला येऊन सांगायचं की सगळ्यांचे ग्रुप झाले, माझाच नाही झाला. आणि चौथ्या सेमिस्टरला दुसरीच मंडळी यायची, ज्यांचा ग्रुप पहिल्याच दिवशी झालेला आणि आता त्यातून बाहेर कसं पडायचं ते कळत नाही. हे जे खाली लिहिलंय ते दोघांसाठी आहे. क्रमाने केलं तर सोपं जातं, पण पुढेमागे झालं तरी काही बिघडत नाही.

पहिली पायरी : दोन-तीन दिवस नुसतं बघा

दुपारी गर्दीच्या वेळी कॅन्टीनमध्ये किंवा मेसमध्ये एका कोपऱ्यात बसा आणि वहीच्या मागच्या पानावर टेबलांचा नकाशा काढा. खरंच काढा, हसू नका. माझ्या नकाशात खिडकीजवळचं लांब टेबल स्पोर्ट्सवाल्यांचं होतं, ओले केस आणि पायाशी किटबॅगा. त्यांच्या मागे एकाच भाषेत मोठमोठ्याने बोलणारा आठ-दहा जणांचा घोळका. दाराजवळ रोज घरून ये-जा करणारे, त्यांच्या बॅगा टेबलावरच असायच्या कारण ठेवायला रूम कुठेय, आणि नजर सारखी घड्याळावर कारण बस. चार्जिंग पॉइंटशेजारी पीएचडीवाले, वयाने थोडे मोठे, दहा मिनिटांत जेवून गायब होणारे. आणि भिंतीला लागून एकेकटे, हेडफोन घातलेले.

मग दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जाऊन बघा, नकाशा बदललेला असतो. ये-जा करणारे गेलेले असतात, हॉस्टेलवाले पसरलेले असतात, लॅबमधून उशिरा सुटलेली ब्रांच एकत्र येऊन बसलेली असते. म्हणजे दुपारी जे ‘ग्रुप’ दिसले त्यातले निम्मे टाइमटेबलने केलेले असतात. हे एकदा कळलं की ‘ते आपल्याला घेत नाहीत’ ही भावना बरीच कमी होते, ते कोणालाच घेत-बिघेत नसतात, त्यांचं प्रॅक्टिकल एकाच वेळी सुटतं एवढंच.

नकाशात अजून एक खूण करा. जी व्यक्ती दोन-तीन वेगवेगळ्या टेबलांवर दिसते तिच्याभोवती गोल करा. असे लोक फार नसतात, पण प्रत्येक कॅम्पसवर असतात आणि नव्या माणसाला त्यांचा उपयोग सगळ्यात जास्त. कारण साधं आहे, आपल्या जवळच्या चौघांना तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत असतं. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली हे नोकरीच्या बाबतीत दाखवलं होतं. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्याने विचारलं की ज्याने ही बातमी दिली तो तुम्हाला तेव्हा कितीदा भेटायचा, तर नेहमी भेटायचा म्हणणारे १७ टक्केसुद्धा नव्हते, बाकी सगळे अधूनमधून नाहीतर क्वचित भेटणारे. कॅम्पसवरही तसंच चालतं, कुठल्या सरांकडे प्रोजेक्ट मोकळा आहे, कुठल्या लायब्ररीत रात्री बसू देतात, स्कॉलरशिपचा फॉर्म कधी निघतो, हे तुमच्या रूममेटला कळण्याआधी त्या तीन टेबलांवरच्या माणसाला कळलेलं असतं.

आता त्या एकाच भाषेत बोलणाऱ्या टेबलाबद्दल. नवीन मुलं त्यांच्याकडे बघून लगेच म्हणतात, बघा कसे आपापल्यात राहतात. अहो, दिवसभर दुसऱ्याच्या भाषेत लेक्चर ऐकून, दुसऱ्याच्या भाषेत प्रश्न विचारून, दुसऱ्याच्या भाषेत जोक समजून घेऊन माणूस दमतो, जेवताना तरी डोक्याला आराम हवा असतो. आणि हे काही आजकालचं नाही. इटलीतलं बोलोन्याचं विद्यापीठ १०८८ सालचं मानतात, तिथेही परमुलखातून आलेली पोरं आपापल्या प्रदेशाप्रमाणे संघ करून राहायची, त्याला ‘नेशन’ म्हणायचे, आल्प्सच्या अलीकडच्यांचे वेगळे, पलीकडच्यांचे वेगळे. परक्या गावात त्यांना गाववाल्यांसारखे हक्क नव्हते, अडीअडचणीला पाठीशी उभं राहणारं कोणी नव्हतं, म्हणून एकत्र. पॅरिसला असे चार होते, फ्रेंच, नॉर्मन, पिकार्ड आणि इंग्लिश. स्वीडनमध्ये उप्सालाला तर १३ नेशन आजही चालू आहेत, २०१० पर्यंत विद्यार्थ्यांना त्यातल्या कुठल्या तरी एकात नाव घालणं सक्तीचं होतं. नावं अजून जुन्या प्रांतांचीच, पण आता कुठलाही विद्यार्थी त्याला आवडेल त्या नेशनमध्ये जातो. मला ही गोष्ट फार आवडते, पाटी तीच ठेवून दार उघडं केलं.

दुसरी पायरी : जे दिसत नाही ते पण असतं हे गृहीत धरा

कॉलेजच्या माहितीपत्रकावर एक फोटो असतो बघा, हिरवळीवर सात जण हसतायत, सगळे वेगवेगळ्या रंगाचे, एक जण व्हीलचेअरवर. ती झाली दिसणारी विविधता. न दिसणारी त्यापेक्षा खूप जास्त असते. घरातून पहिल्यांदाच कॉलेजला आलेला कोणीतरी असतो, ज्याला ‘क्रेडिट’ म्हणजे काय हे विचारायचीही लाज वाटते कारण बाकी सगळ्यांना ते जन्मतः माहीत असल्यासारखं वाटतं. कोणी रात्रपाळी करून सकाळी आठच्या लेक्चरला येतो. कोणाला घरी लहान मूल आहे. कोणाला एका कानाने कमी ऐकू येतं आणि म्हणून तो नेहमी उजव्या बाजूलाच बसतो, आपल्याला वाटतं भाव खातोय.

माझ्या बॅचमधला एक जण कधीच सबमिशननंतर थांबायचा नाही. आम्ही त्याला ‘पळपुटा’ म्हणायचो, तोंडावर. तिसऱ्या वर्षी कळलं की तो संध्याकाळी सहा ते बारा काम करायचा आणि फी स्वतः भरायचा. त्याने कधी सांगितलं नाही कारण आम्ही कधी विचारलंच नाही, नाव ठेवून मोकळे झालो होतो. तेव्हापासून एक सवय लावून घेतली आहे, कोणाचं वागणं विचित्र वाटलं की आधी त्याचं टाइमटेबल विचारायचं.

तिसरी पायरी : पहिले पंधरा दिवस जागा नीट निवडा

हा भाग जरा लांब होणार आहे, कारण सगळा खेळ इथेच आहे.

अमेरिकेत एमआयटीच्या विद्यार्थी वसाहतीत फेस्टिंगर, शॅक्टर आणि बॅक या तिघांनी एक अभ्यास केला होता, १९५० साली तो छापून आला. लग्न झालेले विद्यार्थी, दोन मजली छोट्या इमारती, एका मजल्यावर पाच घरं. घरं रिकामी होतील तशी दिलेली, कोणी शेजारी निवडलेला नाही. मग विचारलं तुमचं कोणाशी जमतं. तर अगदी शेजारच्या दारातल्यांची मैत्री व्हायचं प्रमाण ४१ टक्के, एक दार सोडून २२, आणि त्याच मजल्याच्या दोन टोकांना १०. किती अंतर असेल हो पाच दारांचं, वीस-पंचवीस पावलं? आणि ज्यांची घरं जिन्याच्या पायथ्याशी होती त्यांची वरच्या मजल्यावर जास्त ओळख, कारण वरचे लोक येता-जाता तिथूनच जायचे.

याचा अर्थ तुम्ही जिन्याशेजारची खोली मागा असा नाही, ते आपल्या हातात नसतं. पण जिन्यासारख्या जागा हातात असतात. पाणी भरायची जागा, कपडे धुवायची खोली, नोटिस बोर्ड, लॅबबाहेरचा बाक जिथे आधीची बॅच सुटायची वाट बघत सगळे उभे राहतात. तिथे पाच मिनिटं लवकर जा आणि फोन खिशात ठेवा. पहिले पंधरा दिवस खोलीत असाल तेव्हा दार उघडं ठेवा, निदान अर्धं. लायब्ररीत रोज नवीन कोपरा शोधू नका, एकच जागा धरा. नुसतं रोज दिसण्याचाही परिणाम होतो, १९९२ साली पिट्सबर्गला मोरलँड आणि बीच यांनी दिसायला साधारण सारख्या चार मुली एका मोठ्या वर्गात नुसत्या आणून बसवल्या, एक कधीच आली नाही, बाकीच्या ५, १० आणि १५ वेळा आल्या, कोणाशी बोलायचं नाही असं ठरलेलं. सेमिस्टरच्या शेवटी वर्गाला फोटो दाखवले तर जी जास्त वेळा आली होती ती जास्त आवडली, आणि गंमत म्हणजे तिला आधी पाहिलंय हे बहुतेकांच्या लक्षातही नव्हतं. तेव्हा लाजाळू लोकांनो, तुम्हाला बोलता नाही आलं तरी चालेल, पण येत जा. तिसऱ्या बाकावर रोज तेच.

आता याची उलटी बाजू. शेजारी बसल्याने मैत्री होते म्हणजे शेजारी कोण बसतं यावर तुमची पुढची काही वर्षं ठरणार, आणि तिथे आपण काय करतो, तर ओळखीची भाषा ऐकू आली की त्या बाजूला सरकतो. माझा सल्ला असा की दोन जागा धरा. एक आपल्या लोकांच्यात, बिनधास्त, त्यात गिल्टी वाटायचं काही कारण नाही. दुसरी अशी की जिथे तुमच्या भाषेचं, तुमच्या ब्रांचचं, तुमच्या शाळेचं कोणी नाही. आठवड्यातून दोन दुपारी पुरतात. मी हे चौथ्या सेमिस्टरला सुरू केलं, पॉटरी रूममध्ये जाऊन बसायचे, माझी भांडी सगळी वाकडी व्हायची आणि तिथले लोक माझ्या वर्गातल्या कोणालाच ओळखत नव्हते, इतकं हलकं वाटायचं की काय सांगू.

आणि घाई करू नका. कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांच्या २०१८ च्या अभ्यासात असा हिशोब निघाला की नुसत्या ओळखीवरून बऱ्यापैकी मैत्रीवर यायला साधारण ५० तास एकत्र घालवावे लागतात, खरी मैत्री म्हणावी इतपत व्हायला ९० आणि अगदी जिवलग व्हायला २०० च्या वर. त्यातही एकत्र काम करण्यात किंवा वर्गात गेलेले तास तेवढे उपयोगाचे नसतात, गप्पा, भटकणं, गेम खेळणं हे मोजलं जातं. दुसऱ्या आठवड्यात तुमचे कोणाबरोबर ५० तास झालेत का? मग रडताय कशाला. आणि ज्यांचे ‘ग्रुप झालेत’ त्यांचेही झालेले नाहीत, ते फक्त एकत्र चालतायत.

चौथी पायरी : नावं

छोटी पायरी आहे पण चुकवू नका. नाव नीट ऐकू आलं नाही तर तेव्हाच विचारा, ‘परत एकदा सांग ना, मला नीट म्हणायचंय.’ पहिल्या दिवशी विचारलं तर कौतुक वाटतं, तिसऱ्या महिन्यात विचारलं तर अपमान. मोबाइलमध्ये नंबर सेव्ह करताना नाव कसं ऐकू येतं तसं आपल्या लिपीत लिहून ठेवा, इंग्रजी स्पेलिंगवरून उच्चार लावायला गेलं की सगळी वाट लागते. कोणी ‘काहीही म्हण, चालेल’ असं म्हणालं तर ते बहुतेक वेळा दमून म्हणालेलं असतं, आधीच्या वीस जणांनी वाट लावलेली असते. माझ्या लॅब पार्टनरला सगळे दोन अक्षरी शॉर्टकटने हाक मारायचे, मी महिनाभर प्रॅक्टिस करून पूर्ण नाव म्हणाले त्या दिवशी त्याने काही उत्तर दिलं नाही, नुसतं वर बघितलं आणि आपलं रीडिंग माझ्या वहीत स्वतः उतरवून दिलं. तो एरवी कोणाला वही दाखवायचा नाही.

आणि ‘तुमच्यात असं करतात का’ हा प्रश्न पहिल्या दहा भेटीत विचारू नका. एका माणसाला त्याच्या अख्ख्या समाजाचा प्रवक्ता करून टाकतो आपण. त्याऐवजी ‘तुला काय आवडतं’ विचारा, उत्तर त्याचं स्वतःचं येतं.

पाचवी पायरी : क्लबचे स्टॉल लागतात त्या दिवशी

सगळीकडे एक दिवस असा असतो की सगळे क्लब टेबलं टाकून बसतात आणि वाट अडवून अडवून सह्या घेतात. त्या दिवशी मुलं सतरा ठिकाणी नाव देतात आणि पुढे एकाही मीटिंगला जात नाहीत, फक्त इनबॉक्स भरतो. तीन निवडा. एक जे तुम्हाला येतं, म्हणजे आत्मविश्वास राहतो. एक जे अजिबात येत नाही, कारण तिथे सगळ्यांसमोर चुकायची सवय होते आणि चुकताना ओळखी फार पटकन होतात. आणि एक असा की ज्यात तुमच्या ब्रांचचं कोणी नाही. स्टॉलवर तीन प्रश्न विचारून घ्या, आठवड्यातून किती वेळ, पैसे किती आणि कधी, आणि मागच्या वर्षी नवीन आलेल्यांपैकी आता कोण आहे. तिसऱ्या प्रश्नाला स्टॉलवरचे एकमेकांकडे बघायला लागले तर समजून जा.

निदान दोन मीटिंगना जा मग सोडा. पहिली मीटिंग कुठलीही असो, बोअरच होते, जुने लोक त्यांचे जुने जोक मारत असतात. नाटक, डिबेट, म्युझिक वगैरे जिथे ट्रायल असते तिथे नाही झालं सिलेक्शन तर बॅकस्टेजला विचारा. लाइट, पोस्टर, खुर्च्या लावणं, तिकडे माणसं नेहमीच कमी पडतात आणि खरी धमाल तिकडेच असते, स्टेजवरच्यांना फक्त टाळ्या मिळतात.

सहावी पायरी : ग्रुप प्रोजेक्ट वाया घालवू नका

वेगवेगळ्या लोकांना नुसतं एकत्र बसवलं की त्यांचं जमतं असा आपल्याकडे समज आहे, तसं होत नाही. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ सालीच चार अटी सांगून ठेवल्या होत्या, सगळ्यांचा दर्जा सारखा, ध्येय एक, ते गाठायला एकमेकांची गरज, आणि वरच्यांचा पाठिंबा. आता बघा, कॅन्टीनमध्ये यातलं एकही नसतं. सरांनी चिठ्ठ्या टाकून पाडलेल्या प्रोजेक्ट ग्रुपमध्ये चारही असू शकतात. म्हणून सरांनी नावं वाचली की लगेच ‘सर बदलून द्या ना’ करत टेबलापाशी धावू नका.

पण दर्जा सारखा राहायला पाहिजे, तो आपोआप राहत नाही. पहिल्या मीटिंगला कामाआधी फक्त एवढं विचारा की कोणाला कुठल्या वेळा जमतच नाहीत. नोकरी, बस, प्रार्थनेची वेळ, घरचं, सगळं त्यात येतं आणि कोणाला खुलासे द्यावे लागत नाहीत. मग कामं लिहून वाटा, आणि मेहरबानी करून, टायपिंग आणि मीटिंगच्या नोट्स दर वेळी मुलीकडे आणि प्रेझेंटेशन दर वेळी ज्याची इंग्रजी फाडफाड त्याच्याकडे, असं करू नका. आमच्या एका प्रोजेक्टमध्ये जो मुलगा इंग्रजीत अडखळायचा त्याला आम्ही डायग्राम काढायला बसवला होता, प्रश्नोत्तरांच्या वेळी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी असे काही खोचक प्रश्न टाकले की आम्ही तिघं गप्प आणि तो डायग्रामवर बोट ठेवून तुटक तुटक एकेक उत्तर देतोय. मार्क सगळ्यांना मिळाले. आम्हाला ते घेताना कसंतरीच झालं.

अजून एक. पाच जणांत चौघांची भाषा एक आणि पाचव्याला ती येत नाही, असं असेल तर कामाचं बोलणं सगळ्यांना येणाऱ्या भाषेतच. जोक मारला तर भाषांतर करा, भले तो जोक मरू दे.

सातवी पायरी : पैशांचं आधीच बोला

बाहेर जायचं ठरलं की कुठे जायचं हे नेहमी ज्याच्याकडे पैसे आहेत तोच ठरवतो, कारण बाकीचे ‘चालेल’ म्हणतात. आणि मग दोन-तीनदा ‘चालेल’ म्हणून झालं की ‘डोकं दुखतंय’ सुरू होतं. तुमच्या ग्रुपमध्ये कोणाचं सारखं डोकं दुखत असेल तर पुढच्या वेळी फुकटातला प्लॅन तुम्ही सुचवा, त्याला काही विचारू नका. आणि तुमचंच दुखत असेल तर एका कोणाला तरी खरं सांगा, सगळ्यांना नको.

आठवी पायरी : व्हॉट्सॲप ग्रुप

क्लासचा एक, हॉस्टेलचा एक, क्लबांचे जे असतील ते. बाकी म्यूट. ‘ऑफिशियल ग्रुपमधून अमुक अमुक सोडून’ असा जो दुसरा ग्रुप तयार होतो त्यात तुम्हाला घेतलं म्हणून खूश होऊ नका, उद्या तुम्हाला सोडून तिसरा होतो.

नववी पायरी : सेमिस्टरच्या मध्यावर आपलं जाळं तपासा

एक कोरा कागद घ्या, स्वतःला मधे ठेवा, ज्यांच्याशी आठवड्यात दोनदा तरी नीट बोलता त्यांची नावं भोवती लिहा, आणि जे एकमेकांना ओळखतात त्यांना रेघांनी जोडा. जॅनिस मॅकेब या समाजशास्त्रज्ञ बाईंनी ६७ विद्यार्थ्यांचं असं जाळं अभ्यासलं, २०१६ साली त्यांचं काम प्रसिद्ध झालं, आणि त्यात तीन प्रकार सापडले. पहिल्या प्रकारात सगळे सगळ्यांना ओळखतात, कागदावर लोकरीचा गुंडा दिसतो. दुसऱ्यात दोन ते चार वेगळे झुपके, आणि त्यांना जोडणारे फक्त तुम्ही. तिसऱ्यात सुटी सुटी माणसं, एक इथे, एक तिथे, कोणी कोणाला ओळखत नाही.

गुंड्यात माया भरपूर असते, पण सगळा गुंडा ज्या दिशेला जाईल तिकडे तुम्ही जाता, अभ्यासू असेल तर तुम्हीही वर, नसेल तर सगळेच एकत्र गटांगळ्या. सुट्या माणसांवाले अभ्यासात बहुधा चांगले असतात पण एकटे पडतात. झुपक्यांवाल्यांचं अभ्यासाचं आणि मजेचं दोन्ही बऱ्यापैकी निभतं, फक्त इकडे एक आणि तिकडे एक असं वागायला लागून कधीकधी दमायला होतं. माझं स्वतःचं जाळं दीड वर्षं गुंडाच होतं हे आता तुम्हाला कळलंच असेल. मला विचाराल तर दोन-तीन झुपके सगळ्यात बरे, पण ज्याला घरापासून लांब, आपल्यासारखं कोणीच नसलेल्या ठिकाणी राहायचंय त्याला गुंड्याची ऊब लागते आणि त्याला मी ‘मिसळ जरा’ असं कधीच सांगणार नाही. त्याला सांगेन गुंड्यातून एक धागा बाहेर काढून ठेव, बास.

आणि हा ‘आपण आणि ते’ प्रकार किती फालतू गोष्टीवर उभा राहतो ते माहीत असलेलं बरं. हेन्री ताजफेल या मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या सुमारास इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या शाळकरी मुलांना सांगितलं की तुमच्या आवडीवरून दोन गट पाडलेत, एक क्ली या चित्रकाराची चित्रं आवडणाऱ्यांचा आणि एक कॅन्डिन्स्कीची. खरं तर गट असेच पाडले होते, मुलांना एकमेकांची नावंही सांगितली नव्हती, तरी पैसे वाटायला दिल्यावर मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. त्यापुढे ए विंग विरुद्ध बी विंग म्हणजे काहीच नाही.

दहावी पायरी : ग्रुप सोडायचा असेल तर

भांडण करून सोडू नका, जाहीर करून तर अजिबात नको. आठवड्यातली एक वेळ काढून घ्या, मग दुसरी. ‘मंगळवार-गुरुवार माझी पॉटरी असते’ एवढं पुरतं. तीन आठवड्यांत सगळ्यांना सवय होते. जे खरे मित्र असतात ते बाकीच्या वेळात भेटत राहतात.

पण काही गोष्टींत हळूहळू वगैरे नाही, सरळ उठायचं. ग्रुपमध्ये राहण्यासाठी कोणाला तरी चिडवावं, टाळावं लागत असेल. सिनियर ‘ओळख करून घ्यायची’ म्हणून अपमान करत असतील, काही प्यायला, करायला भाग पाडत असतील. फोन तपासत असतील, दुसऱ्या कोणाशी बोललात तर हिशोब मागत असतील. तेव्हा त्याच दिवशी, तारीख-वेळ लिहून, मेसेज असतील तर स्क्रीनशॉट काढून, वॉर्डन किंवा विद्यार्थी कल्याणाचं जे ऑफिस असेल तिथे जा, आणि एकटे जाऊ नका, कोणालातरी बरोबर घ्या. त्या तीन टेबलांवर दिसणाऱ्या माणसाला विचारा, कुठल्या ऑफिसात कोण ऐकून घेतं ते त्याला माहीत असतं.

सहाव्या-सातव्या आठवड्यात जे होतं त्याबद्दल

नवेपणा संपतो, पहिल्या टेस्टचे मार्क येतात, घरचे आठवतात, आणि असं वाटतं की इथे सगळे बसतात, मीच बसत नाही. हे जवळपास सगळ्यांना होतं पण कोणी बोलत नाही. वॉल्टन आणि कोहेन या दोन मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना साधारण तासाभराच्या एका बैठकीत एवढंच समजावलं की ही शंका सगळ्यांनाच येते आणि काळाबरोबर जाते. २०११ साली निकाल छापला, पुढच्या तीन वर्षांत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे मार्क सुधारले आणि गोऱ्या विद्यार्थ्यांबरोबरची दरी साधारण निम्मी झाली. एक तासात. मी मेंटर असताना या आठवड्यात मागच्या वर्षीच्या दोघा-तिघांना बोलावून फक्त त्यांचा सहावा आठवडा कसा गेला ते सांगायला लावायचे, बाकी काही नाही. खोलीत एकदम शांतता व्हायची आणि मग सगळे एकदम बोलायला लागायचे.

अजून एक गोष्ट लक्षात ठेवा. एरिका बूथबी आणि तिच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दाखवलं की नवीन ओळख झाल्यावर आपण समोरच्याला जेवढे आवडलो असं आपल्याला वाटतं त्यापेक्षा खरं तर जास्त आवडलेलो असतो, दोन्ही बाजूंना हाच गैरसमज असतो, आणि एकत्र राहणाऱ्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांमध्ये तो काही महिने टिकलेला दिसला. म्हणजे परवा ज्याच्याशी बोलून झाल्यावर ‘काय वेड्यासारखी बडबडले मी’ असं वाटलं, तोही खोलीत जाऊन तेच म्हणत असण्याची शक्यता बरीच आहे. त्याला दुसऱ्यांदा हाक तुम्हीच मारा. झोप, जेवण, लेक्चर सगळंच दोन आठवडे कोलमडलं असेल तर मात्र मित्रांवर भागवू नका, कॅम्पसवरच्या कौन्सेलरची वेळ घ्या, पुष्कळ ठिकाणी फुकट असते आणि वेळ मिळायला दिवस लागतात म्हणून आजच नाव द्या.

शेवटचं, दुसऱ्या सेमिस्टरच्या अखेरीस पुढच्या वर्षीच्या रूमचा फॉर्म येतो. तोपर्यंत पहिल्या पायरीतला कॅन्टीनचा नकाशा परत काढा आणि जुन्याशेजारी ठेवून बघा तुम्ही किती टेबलांवर बसू शकता. रूममेट म्हणून सगळ्यात जवळच्या मैत्रिणीचंच नाव टाकलं पाहिजे असं काही नाही, जिची झोपायची वेळ तुमच्याशी जुळते तिचं टाका, मैत्रीण शेजारच्या खोलीत असली तरी भेटते. फक्त फॉर्मची तारीख बघून ठेवा, मी चुकवली होती आणि मला मेसच्या एक्झॉस्टखालची खोली मिळाली.